सतरा खिळे आणि वर तीन

एरंडवण्यातल्या त्या आठ बंगल्यांच्या सोसायटीत फाटकाशी उभी असलेली शिसव एका गुरुवारी दुपारी आडवी झाली. केबलसाठी तीन वेळा खड्डे खणले, तिन्ही वेळा मुळं तोडली, झाड रस्त्याकडे कलंडलं, मग रीतसर अर्ज झाला, रीतसर परवानगी आली आणि करवत चालली. तोडणाऱ्यांनी फांद्या नेल्या. बुंधा आणि त्याच्यावरचं बेचकं, जिथून झाड दोन अंगांना फुटलं होतं, ते उद्या नेऊ म्हणाले. कुठे, तर एका बेकरीच्या भट्टीत.

शुक्रवारी सकाळी सोसायटीचा चेअरमन वरद खाली आला, तर ओंडक्याला सुतळीने एक पाटी बांधलेली होती. काळ्यावर पांढरं, वळणदार अक्षर: ‘हे जळण नाही. ज्यांना ते जळण वाटते त्यांनी प्रथम आपल्या घरचे फर्निचर तपासावे.’

पाटी कुणाची हे विचारायची गरज वरदला पडली नाही. बाळ मोडकांच्या पाट्या वाचतच तो लहानाचा मोठा झाला होता.

बाळ मोडकांचं वय अठ्ठ्याहत्तर. जन्मल्यावर बारशाला नाव ठेवायचं राहून गेलं आणि ‘बाळ’ हेच शाळेच्या दाखल्यावर चढलं. पुढे ते बदलायला ते तयार झाले नाहीत. चौतीस वर्षं त्यांनी खडकीच्या एका कारखान्यात तपासनिसाची नोकरी केली. समोर आलेला प्रत्येक तुकडा मोजायचा, डोळ्यांसमोर धरायचा आणि पास किंवा नापास म्हणायचं. नापास तुकड्यावर काळा ठिपका. ही सवय नोकरीबरोबर संपायला हवी होती, पण निवृत्तीनंतर मोडकांनी माणसं तपासायला घेतली. पास होणाऱ्यांचं प्रमाण कारखान्यापेक्षा बरंच कमी होतं.

ज्यांना तोंडावर नापास म्हणता येत नसे त्यांच्यासाठी पाटी. दारातला पारिजात पहाटे लुटला जायचा तेव्हा लावलेली पहिली पाटी: ‘आमच्या दारातली फुले आमच्याच देवाला पुरत नाहीत. आपण आपल्या देवाला तसे कळवावे.’ पुढे समोरच्या घराचा पत्ता विचारायला जो तो यांचीच बेल वाजवू लागला तेव्हा: ‘जोशी समोर राहतात. ते घरी नसल्यास आम्हीही नाही.’ मग स्कूटरवाले आले: ‘हॉर्न वाजवल्याने फाटक उघडत नाही. हाताने उघडते.’ आणि अलीकडे पार्सलवाले: ‘घर कुठे आहे असे फोनवर विचारू नये. १९७४ पासून येथेच आहे.’ प्रत्येक पाटी शिसवीच्या बुंध्यावर, प्रत्येकीला एक खिळा. पाटी जुनी झाली की उतरायची, खिळा मात्र झाडातच राहायचा. झाड तो हळूहळू गिळायचं. मोडकांना झाडाचा हा गुण फार आवडे. तक्रार न करता गिळणारं सोसायटीत दुसरं कोणी नव्हतं.

“काका, अहो ओंडका इथे ठेवून करणार काय?” वरदने विचारलं.

“बंदूक,” मोडक म्हणाले.

वरदला वाटलं, म्हाताऱ्याचं झालं. पण मोडक नेहमीसारखंच नेमकं बोलत होते. त्यांची नात ओवी बालेवाडीला रायफल चालवायची. एकोणीस वर्षांची, उंच, आणि डावखुरी. तिथल्या नेमबाजीच्या अकादमीत मिळणारी रायफल उजव्या हाताची. तिचा लाकडी दस्ता, म्हणजे जो खांद्याला टेकवायचा आणि ज्याच्यावर गाल ठेवायचा, तो ओवीला सगळा उलटा पडायचा. गालाखाली फडक्याची घडी बांधून ती दोन वर्षं खेळत होती. प्रशिक्षक म्हणाले होते, “हात बदल, सवय होईल.” ओवीने ते घरी येऊन सांगितलं तेव्हा मोडकांनी जेवणाचं ताट बाजूला सरकवलं. “का बदलायचा? हात देवाने दिलाय, दस्ता माणसाने केलाय. बदलायचाच तर दस्ता बदला.”

दस्ता घडवून देणारे एक गृहस्थ ओवीने शोधले. ते म्हणाले, घडवतो, पण लाकूड तुम्ही आणा. अक्रोड नाहीतर शिसव, आणि बेचक्यातलं. बुंध्यातली नस जिथे फांदीत वळते ना, तिथलं. दस्त्याच्या मानेत ती नस वळणाबरोबर वळली पाहिजे, आडवी गेली तर मान मोडते. त्या दिवसापासून मोडक फाटकातून येता-जाता शिसवीच्या बेचक्याकडे बघत असत. झाड पडावं असं त्यांच्या मनात कधीच आलं नाही. ते वाचावं म्हणून तर ते वर्षभर भांडले होते. पण पडलंच आहे तर ते भट्टीत जाणार नाही, हे त्यांनी ठरवलं आणि वरदला तसं सांगितलं. वरदने तासभर समजूत घातली. मोडकांनी ती ऐकून घेतली आणि शेवटी म्हणाले, “झालं तुझं? आता क्रेनवाल्याचा नंबर दे.”

नेण्याच्या परवान्याचा कागद त्यांनी स्वतः चार खेपा घालून आणला. अडचण पुढेच होती. शहरातलं झाड कुठलीही वखार कापायला घेईना. लाकूड कसं का असेना, आत लोखंड असणार. क्लासच्या जाहिराती, मांडवाच्या तारा, नगरसेवकांचे वाढदिवस, सगळं खिळ्यांनीच तर झाडावर लटकतं. फिरत्या करवतीचा पट्टा खिळ्याला लागला की तुटतो आणि तुटलेला पट्टा चाबकासारखा सुटतो, मग समोर कोण उभं आहे हे तो बघत नाही.

धायरीच्या वखारीत सत्यशीला लांजेवार यांनीही पहिल्या वाक्यात नाही म्हटलं. या बाई मूळच्या भंडाऱ्याच्या. वडील जंगलात लाकूड कापायचे. ही लेक पुण्यात येऊन पंधरा वर्षं स्वतःची वखार चालवत होती. पुण्यात सगळं शिकली, फक्त भंडाऱ्याची बोली आणि तिच्यातलं ‘काहून’ सुटलं नव्हतं.

“काहून आणता जी असलं लाकूड?” त्यांनी डाव्या बाहीचं टोक वर केलं. कोपरापासून मनगटापर्यंत पांढरा वण होता. “हे रस्त्यावरच्या चिंचेनं दिलं. खिळा होता आत.”

“या झाडात सतरा आहेत,” मोडक म्हणाले.

“मग तर नाहीच नाही.”

“सतरा आहेत आणि सतराही मला माहीत आहेत. मीच मारलेत.”

त्यांनी पिशवीतून आलेखाच्या कागदाची गुंडाळी काढली. झाडाचं दोन बाजूंचं चित्र, जमिनीपासूनची उंची इंचांत, प्रत्येक खिळ्याला आकडा, प्रत्येक आकड्यापुढे पाटीचा मजकूर आणि वर्ष. झाड वर शेंड्याला वाढतं, बुंध्यावरचा खिळा आहे त्याच उंचीवर राहतो, फक्त आत आत जातो. आणि किती आत गेला ते वर्षांवरून काढता येतं. मोडकांनी ते काढलं होतं. सत्यशीलाबाईंनी कागद आडवा-उभा करून वाचला. जोशींच्या पाटीशी त्यांना हसू आलं, ते त्यांनी दाबलं.

“माझ्याकडे हातातलं यंत्र हाय, लोखंड दाखवते,” त्या म्हणाल्या. “पण दोन इंचांच्या खाली आंधळं. खालचं तुमच्या भरवशावर. काका, एक ठरवा. कागदाबाहेरचा एक जरी निघाला, तर मी बटण बंद करीन आणि ओंडका जसा असेल तसा तुम्ही उचलून न्याल. मग तुमची बंदूक गेली आणि माझी शिफ्ट गेली.”

“चौतीस वर्षं तपासनीस होतो, बाई. माझ्या हातून चुकलेलं काही पुढे गेलेलं नाही.”

हे बोलताना त्यांची मान ताठ होती. आणि ते खोटं होतं. चूक मोजण्यात नव्हती. कागदावर सतराच खिळे होते. झाडात वीस होते.

ते वरचे तीन कुठले, हे सांगायचं तर चोवीस वर्षं मागे जावं लागेल. मोडकांच्या मुलाने, शौनकने, तेव्हा ऋतिकाशी लग्न केलं. तिच्या घरच्यांना विचारून केलं, यांना सांगूनही नाही. त्यानंतर शौनकची चौकशी करायला बँकेचा माणूस आला, कॉलेजचे मित्र आले, एक मावशी आली. चौथ्या दिवशी मोडकांनी स्टूल काढलं. नेहमीची पाटी छातीच्या उंचीवर असे. ही त्यांनी सात फुटांवर, थेट बेचक्यात लावली, म्हणजे फाटकाबाहेरूनही दिसावी. नेहमी एक खिळा पुरे. हिला तीन मारले, तेही तीन इंची, कारण ही पाटी पडलेली त्यांना चालणार नव्हती. मजकूर असा: ‘शौनक मोडक येथे राहत नाही. कुठे राहतो ते आम्हांस ठाऊक नाही. ठाऊक करून घेण्याची इच्छा नाही. चौकशी करू नये.’

अकरा दिवस पाटी होती. अकराव्या दिवशी त्यांची बायको मंदाकिनी हातात रंगाचा डबा आणि कुंचला घेऊन अंगणात आली. तिने आवाज चढवला नाही. “एक तर ती काढा,” ती म्हणाली, “नाहीतर खाली जागा आहे, तिथे माझंही नाव लिहिते. दोघंही इथे राहत नाही म्हणून.”

मोडकांनी पाटी काढली. रागाने ओढली, त्यात खिळ्यांची डोकी तुटून पाटीबरोबर आली आणि बाकीचे झाडात राहिले. गणपतीत शौनक आणि ऋतिका आले. मोडक म्हणाले, “चहा घेणार का?” मोडकांच्या घरात याला समेट म्हणतात. ओवी झाली, मोठी झाली, मंदाकिनी सहा वर्षांपूर्वी गेली. त्या पाटीचा शब्द कुणी काढला नाही. शौनकने ती पाहिली होती की नव्हती, हेही मोडकांना ठाऊक नव्हतं, आणि विचारण्याची छाती नव्हती. नकाशा काढताना अठराव्या आकड्यापाशी त्यांची पेन्सिल थांबली होती. हा कागद ओवी बघणार, हे डोक्यात आलं आणि त्यांनी पेन्सिल ठेवून दिली. कापाची रेघ आपण समोर उभे राहून चार बोटं बाजूने काढायला लावू, एवढा त्यांचा हिशेब.

पुढच्या आठवड्यात रविवारी ओंडका वखारीत रुळांवरच्या गाडीवर चढला. ओवी आली होती, तिच्याबरोबर खराडीहून शौनकही आला होता. शौनक पन्नाशीचा, अर्ध्या डोक्याचे केस गेलेला. आला आणि करवतीच्या खांबाला असलेल्या लाल बटणाशी जाऊन उभा राहिला.

“तिथे काय उभा राहतोस? भुसा जाईल डोळ्यांत,” मोडक म्हणाले.

“जाऊ दे, बाबा. इथे बरा आहे.”

एकेक खिळा निघू लागला. सत्यशीलाबाई कागद बघत, पट्टीने उंची मोजत आणि पटाशीने लाकूड उकरत. चार फूट दोन इंच, उजवीकडे: देवाला कळवावे. निघाला. चार फूट नऊ: जोशी. निघाला. हॉर्न, सायकली, भजनी मंडळ, कुत्र्याचे मालक. ओवी प्रत्येक खिळ्याबरोबर पाटी मोठ्याने वाचायची आणि वखारीतली माणसं काम सोडून हसायची. सतरावा खिळा निघाला तेव्हा सत्यशीलाबाईंनी हात जोडले. “काका, सरकारनं तुम्हाले झाडं मोजायले ठेवायला पाहिजे होतं.” मोडकांनी ते कौतुक घेतलं, पण नेहमीसारखं चवीने नाही.

मग पट्टा फिरू लागला. बुंध्याच्या फळ्या पडल्या. बाहेर फिकट, आत जांभळट तपकिरी, काळ्या रेषांच्या. तोडताना कुणाला वाटलं नसेल असा वास सुटला, गोडसर. शौनक लाल बटणापाशीच होता. शेवटी बेचकं गाडीवर आलं. सत्यशीलाबाईंनी वरचा सालीकडचा पाट काढून टाकला, उघड्या लाकडावर पाणी मारलं आणि वाकून नस बघितली. कावेत भिजवलेलं सूत दोन टोकांना ताणून त्यांनी चिमटीत उचललं आणि सोडलं. लाकडावर तांबडी रेघ उमटली.

मोडकांनी मनात मोजलं. रेघ तीन खिळ्यांच्या टोकांवरूनच जात होती.

“बाई, रेघ चार बोटं वर घ्या,” ते म्हणाले.

“काहून?”

“वर चांगलं लाकूड दिसतंय.”

“दिसायले चांगलं हाय. पण नस इथून वळते, बघा.” त्यांनी बोट फिरवून दाखवलं. “वर घेतली तर मानेत आडवी येईल. पोरीच्या हातात मोडेल.”

“मग खाली घ्या.”

“खाली जाडी पुरत नाही. काका, आतापावेतो तुम्ही सांगितलं, मी ऐकलं. आता हे माझं काम हाय.” त्यांनी हात वर केला, म्हणजे चालू करा. पट्ट्याचा आवाज चढू लागला. गाडी रुळावर हलली. पट्ट्याच्या समोर सत्यशीलाबाई होत्या, आणि दोन पावलं मागे, मान उंच करून, ओवी.

मोडकांना आयुष्यात कुणी गप्प बसवू शकलं नव्हतं. चोवीस वर्षं त्यांना गप्प बसवलं होतं ते तीन खिळ्यांनी. त्यांना त्या क्षणी त्या खिळ्यांचा, त्या पाटीचा आणि पाटी लिहिणाऱ्या त्या शहाण्याचा असा काही संताप आला की ते गाडीसमोर जाऊन उभेच राहिले.

“थांबवा! आत तीन आहेत!”

आवाज उतरत गेला आणि पट्टा थांबला. शौनकचा हात लाल बटणावर होता. मोडकांच्या ओरडण्याआधीच त्याने ते दाबलं होतं की नंतर, हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

सत्यशीलाबाईंचा चेहरा लाल झाला होता. “कागदावर नव्हते.”

“नव्हते. मी लिहिले नाहीत.”

“काहून? इथं माझं डोकं होतं, काका. या पोरीचं होतं.”

“म्हणूनच सांगतोय. उशिरा सांगतोय, ते कबूल. ओंडका उचलायला सांगणार असाल तर उचलतो. पण आधी ऐकून घ्या.”

“कुठली पाटी होती, आजोबा?” ओवीने विचारलं.

आता टाळता आलं असतं. जुनी काहीतरी होती, आठवत नाही, वय झालं. वयाचा असा उपयोग जगभरची म्हातारी माणसं करतात. मोडकांनी शर्टाची कॉलर सारखी केली आणि शाळेत कविता म्हणायला उभं राहावं तसे उभे राहिले. त्यांनी ती पाटी पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटली. शौनक मोडक येथे राहत नाही. कुठे राहतो ते आम्हांस ठाऊक नाही. ठाऊक करून घेण्याची इच्छा नाही. चौकशी करू नये. एक शब्द गाळला नाही, एका शब्दाला आवाज कमी केला नाही. वखारीत कुणी हसलं नाही.

“अक्षर चांगलं आलं होतं,” ते म्हणाले. “बाकी सगळं नापास. माझ्या हातून चुकलेलं पुढे गेलं नाही असं मी सांगत असतो. हे गेलं. चोवीस वर्षं पुढे गेलं. शौनक, ती पाटी लावायला नको होती.”

शौनकने बटणावरचा हात काढला.

“तीन खिळे,” तो म्हणाला. “मी पाहिली होती, बाबा. आईला भेटायला आलो होतो आठव्या दिवशी. फाटकातून वाचली आणि परत गेलो. नेहमी एक असतो, मला तीन मारले, एवढंच रिक्षात मोजत बसलो होतो. परवा ओवीने नकाशाचा फोटो पाठवला. त्यात सतरा होते.”

“म्हणून बटणाशी उभा होतास.”

“म्हणून उभा होतो. म्हटलं, तुम्ही सांगता का बघू. नाही सांगितलंत तर मी दाबीन.”

मोडक यावर काहीतरी खोचक बोलणार होते.  त्याऐवजी डोळे पुसले आणि म्हणाले, भुसा.

 सत्यशीलाबाईंनी पटाशी उचलून मोडकांच्या हातात दिली. “मारले तुम्ही, काढा बी तुम्हीच.”

अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाला शिसवीतून तीन खिळे काढायला सव्वा तास लागला. दोनदा शौनक मदतीला पुढे आला, दोनदा मोडकांनी त्याला हाताने मागे सारलं. तिसऱ्यांदा सारलं नाही. चिमट्याने शेवटचा खिळा ओढताना दोघांचे हात एकावर एक होते. खिळे निघाले, पण लोखंडाने लाकूड काळंनिळं केलं होतं. प्रत्येक भोकाभोवती रुपयाएवढा डाग.

मग काप झाला. बेचकं पुस्तकासारखं उघडलं आणि दोन तुकडे समोर आले, आरशात बघावं तसे एकमेकांचे उलटे, दोन्हींत नस वाकून मानेत उतरलेली. एक उजव्या हाताच्या माणसाचा, अगदी कोरा. दुसरा डाव्या हाताच्या. तीन काळे डाग होते ते त्याच्यावर.

ओवीने तो उचलला, खांद्याला लावला, गाल टेकवला.  “आजोबा,” तिने तसंच विचारलं, “पास की नापास?”

मोडकांनी तो तुकडा चौतीस वर्षांच्या सवयीने डोळ्यांसमोर धरला, अंगठा डागांवरून फिरवला.

“डाग माझा आहे,” ते म्हणाले. “लाकूड पास.”

सत्यशीलाबाईंनी टोकांना शेणमातीचा लेप दिला आणि बजावलं की आता घाई करायची नाही. उन्हात ठेवायचं नाही, फळ्यांमध्ये पट्ट्या घालून सावलीत रचायचं, आणि दोन वर्षं हात लावायचा नाही. दोन वर्षं म्हटल्यावर सगळ्यांनी मोडकांकडे बघितलं आणि मग पटकन दुसरीकडे बघितलं.

“माझ्याकडे काय बघता?” मोडक म्हणाले. “दोन तर दोन. मी काय कुठे जायला निघालोय? घडवताना माप मीच घेणार.”

लाकूड कुठे रचायचं, हा प्रश्न होता. वरदने पार्किंगमध्ये ठेवू देणार नाही असं आधीच लिहून दिलं होतं. मोडकांनी पहिल्या मजल्यावरची मागची खोली उघडली. चोवीस वर्षं तिथे जुनी वर्तमानपत्रं आणि मोडक्या खुर्च्या होत्या. त्याआधी शौनकचा पलंग. बापलेकांनी दोन दिवस खपून ती रिकामी केली आणि फळ्या रचल्या. मंगळवारी शौनकने ऑफिसला फोन करून रजा वाढवली आणि रात्री तिथेच गादी टाकली. लाकडाच्या वासाने छान झोप लागते, म्हणाला.

बुधवारी वरद तक्रार घेऊन आला. ओल्या लाकडाची वाळवी सोसायटीत पसरेल, कोणाशी बोलायचं? मोडकांनी त्याला फाटकाकडे बोट दाखवलं. शिसवीच्या उरलेल्या खुंटाला सुतळीने नवी पाटी बांधली होती. खिळा नव्हता.

‘शौनक मोडक येथे राहतो. खोली पहिल्या मजल्यावर, मागची. सर्व चौकशी त्याच्याकडेच करावी.’